सोलकढीत साखर नसते, ताई

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी रांगेत तुम्ही माझ्या बाबांना सावरलंत, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी मुद्दाम आलो, तर गल्ल्यावरच्यांनी सांगितलं की तुम्ही भातकापणीला गावी गेलात, दिवाळीनंतर येणार. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या हॉटेलात तुम्ही वाढता, त्याचं नाव मात्र लिहीत नाही. आधीच रविवारी पाऊण तास उभं राहावं लागतं, त्यात आणखी भर कशाला?

आम्ही म्हणजे तेवीस नंबरची चिठ्ठी. मी, माझा मुलगा आणि चौकटीचा शर्ट घातलेले माझे बाबा. बाबा मूळ कुडाळचे, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले, वय ७४. महिन्यातून एकदा तुमच्याकडे बांगडा खाल्ल्याशिवाय त्यांना महिना संपल्यासारखा वाटत नाही. घरी मी तिरफळ घालून करते, पण ते म्हणतात, 'तुझा बांगडा ठाण्याचा लागतो.' असो.

त्या दिवशीच्या चुका सगळ्या माझ्याच. बाबांना डायबिटीससाठी तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन आहे, जेवणाआधी अर्धा तास. साडेसातला वसंत विहारात घरीच सुई दिली, म्हटलं आठला पानावर बसू. कॅडबरीच्या सिग्नललाच वीस मिनिटं गेली. राम मारुती रोडला पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी, त्यामुळे गाडी पार तलावपाळीला लावली. तिथे बाबा म्हणाले, आलोच आहोत तर कोपिनेश्वराला हात जोडू. मग तिथून चालत तुमच्याकडे. पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि तुम्ही नऊ नंबर पुकारत होतात. सुई पोटात, जेवण नाही, वर एवढं चालणं, म्हणजे रक्तातली साखर उतरणारच. आज लिहिताना सगळं दिसतंय. तेव्हा मी फोनवर होते.

बाबा गप्प झाले होते. एरवी रांगेत उभे असले की ते पुढच्या-मागच्यांना सुरमईचा भाव विचारतात. त्या दिवशी नातवावर उगाच खेकसले आणि मग नुसती ती चिठ्ठी उलटसुलट करत राहिले. नंबर वाचायचा, पालथी करायची, परत वाचायचा. वरच्या ओठावर घाम आला होता. ऑक्टोबरचा उकाडा, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. भुकेने चिडलेत, एवढंच मनात आलं.

तुम्ही दोन थाळ्या हातात घेऊन जाता जाता थांबलात. थाळ्या तिथेच कोणाच्या तरी टेबलावर टेकवल्यात आणि बाबांचा दंड धरलात. 'काकानू, वायच हयसर बसा.' गल्ल्यामागचा स्टाफचा स्टूल ओढलात. मला विचारलंत, 'सुई घेतात ना?' मी नुसती मान हलवली आणि घाबरून शेजारच्या ट्रेमधला सोलकढीचा ग्लास उचलला. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'सोलकढीत साखर नसते, ताई. ठेवा ती.'

कोकम आणि नारळाचं दूध. आयुष्यभर प्यालेय मी ती, दादा, तरी त्या क्षणी सुचलं नाही. मुलगा म्हणाला, आइस्क्रीम आणू का? तुम्ही त्यालाही नको म्हणालात. तिसऱ्या मिनिटाला लिंबाचं सरबत आणलंत, मीठ नाही, साखर सांगून घातलेली, 'तीन चमचे आहे.' ढवळायला वेळ नव्हता, तळाशी दाणे दिसत होते. ग्लास बाबांच्या हातात न देता तुम्ही स्वतः धरलात, कारण त्यांचा हात थरथरत होता.

मागून एक गृहस्थ बोललेच, 'आमचा नंबर आधी होता.' तुम्ही वळूनही न बघता म्हणालात, 'तुमचा नंबर तसाच आहे. काकांना स्टूल दिलाय, टेबल नाही.' यावर रांगेत एक बाई हसली आणि मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

दहा-पंधरा मिनिटांत बाबांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि विचारलं, 'सुरमई किती लावलीय आज?' तोवर तुम्ही आतून वाटीत गरम भात आणि कढी आणून ठेवली होती. टेबल मिळालं ते आमच्या नंबरानेच. (त्या दिवशीची तळलेली सुरमई जरा खारट होती, आता पत्र लिहितेच आहे तर सांगून टाकते.) बांगडा आला, पण बाबांचं पोट भातानेच भरलेलं, तो गार होऊन तसाच राहिला.

बिलात सरबत नव्हतं. मी गल्ल्यावर सांगितलं, तर कळलं की तुमच्या मेनूत सरबत नाहीच. लिंबू कांद्याच्या बशीतलं आणि साखर स्टाफच्या चहाच्या डब्यातली. बडीशेपेच्या बशीत मी पन्नासाची नोट ठेवली होती, तिची मला रस्ताभर लाज वाटत होती.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शुगर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तुमचे ते तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची. आइस्क्रीममधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते, म्हणून ते नको. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. बाहेर जेवायचं असेल त्या दिवशी इन्सुलिनचं पेन सोबत न्यायचं आणि टेबलावर बसून ऑर्डर दिल्यावरच सुई घ्यायची. हे शेवटचं तुम्ही निघताना बाबांना सांगितलंच होतंत. कुठे शिकलात ते विचारलं, तर म्हणालात, 'रविवारी रांगेत एखादे तरी काका असे असतातच.'

आता माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर असतो आणि बाबांच्या खिशात ग्लुकोजची पुडी, जी ते नातवाला चोरून देतात.

गावाहून आलात की गल्ल्यावर निरोप ठेवा. तुम्ही गावी होतात त्या रविवारी बाबांनी थाळी मागवली, पण बांगडा नाही. तो राहिलेला बांगडा तुम्हीच वाढायचा, असं त्यांचं म्हणणं आहे.

तुमची,
तेवीस नंबरवाली