समोरच्या इमारतीतल्या काकांना, दोन स्क्रूंबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. तोंडावर मानायला गेले असते तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. शिवाय किनारपट्टीवर गाडी उघड्यावर ठेवणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही शिकवलेलं उपयोगी पडणार आहे, ते माझ्यापुरतं ठेवणं बरोबर नाही.

आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की आमच्या गाडीचं स्टीअरिंग थरथरायचं. पुढच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकड्या, झिजून गेल्या होत्या. नव्या डिस्क आणि पॅड घरात येऊन पडले होते, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर सुटला होता आणि काम अडलं होतं ते डिस्कवरच्या दोन फुलीच्या स्क्रूंपाशी. रत्नागिरीची खारी हवा आणि इतक्या वर्षांचे पावसाळे त्यांनी पचवलेले. त्यातल्या एकाची खाच पूर्वी कुठल्या तरी गॅरेजात कोणीतरी पार गोल करून ठेवलेली. ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: घेऊन या, गॅसने तापवू, नाहीतर ग्राइंडर मारू.

तुम्ही गॅलरीतून बघितलंत आणि रेक्झिनची पिशवी घेऊन खाली आलात. स्क्रूकडे बघण्याआधी स्टँड बघितलात, मागच्या चाकांचे ठोकळे बघितलेत, गाडीला हात लावून हलवून पाहिलीत. काढलेलं चाक आडवं करून दाराखाली सरकवायला सांगितलंत. "जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." हे तुमचं पहिलं वाक्य. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत उमेदवारी केलेला माणूस काम कुठून सुरू करतो, ते मला तिथेच कळलं.

मग तुम्ही जे सांगितलंत त्याने माझी निम्मी धास्ती गेली. हे स्क्रू ब्रेकचा भार घेत नाहीत. डिस्क हबवर, म्हणजे चाक बसतं त्या फिरत्या भागावर, आवळून धरतात ते चाकाचे नट. सहा मिलिमीटरचे हे स्क्रू फक्त चाक नसताना डिस्क जागेवर राहावी म्हणून. म्हणजे अगदी डोकं उडवायची वेळ आली तरी ब्रेक कमजोर होत नाही. मला आजवर हे कोणी सांगितलं नव्हतं. ते अडकतात का, तेही तुम्ही बोटाने दाखवलंत: डोकं खाली निमुळतं, डिस्कच्या खोबणीत पाचरीसारखं रुतलेलं. वर ब्रेकची उष्णता, खाली ओलावा. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आटे आतल्या आत आवळत जातात. नुसत्या मनगटाच्या जोराला ते दाद देणार नाहीत.

माझ्या हातातला पेचकस तुम्ही बाजूला ठेवायला लावलात. घरोघरी असतो तो दोन नंबरचा, या स्क्रूला तीन नंबर लागतो. त्यातही जपानी गाडीची फुली जपानी मापाची. साधं टोक तिच्यात पुरतं बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि खाच खातं. तुमच्या पिशवीतून निघाला तो हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, मुठीपाशी घासून चकचकीत झालेला. हातोडी पडली की तो टोक खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी झटका देऊन फिरवतो.

पण लगेच ठोकू दिलं नाहीत. आधी सपाट पंच स्क्रूच्या डोक्यावर ठेवून आखूड, कडक टोले. त्याने गंजाची पकड तडकते आणि मग तेलाला आत शिरायला वाट मिळते. नुसतं तेल ओतलं तर ते डोक्याभोवतीच राहतं. तेल मुरायला रात्रभर दिलं. दुसऱ्या दिवशी खाचेतला मळ सुईने कोरून काढायला लावलात, ड्रायव्हर डावीकडे लावून त्याला सैलपणा राहणार नाही इतका हाताने ताणून धरायला शिकवलंत. हातोडी माझ्याच हातात. तुम्ही स्टुलावर बसून फक्त आवाज ऐकत होतात. टोल्यांचा आवाज बद्द यायचा, मग एक टोला खणखणीत वाजला आणि डोक्याच्या कडेने तांबूस भुकटीची बारीक रेघ खाली सांडली. "सुटला," तुम्ही म्हणालात. मला तर तो हललेला दिसलाही नव्हता.

गॅसचं नाव मात्र तुम्ही काढू दिलं नाहीत. आत बेअरिंगचं ग्रीस, बाजूला ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसची वायर, वर ब्रेक ऑइलची रबरी नळी म्हणजे होज, आणि आता तेल मारलेलं. घरच्या अंगणात तिथे ज्योत न्यायची नाही, इतकं स्पष्ट.

खाच गेलेल्या स्क्रूसाठी ड्रिल काढलंत. मधोमध सेंटर पंचची खूण, आधी बारीक भोक, मग साडेसहाचं बिट. डोकं अंगठीसारखं बिटावर चढून आलं. उरलेला तुकडा कसा काढायचा याची काळजी मला लागली होती, आणि तो तर लॉकिंग पकडीने धरल्याबरोबर फिरला. डोकं गेलं की ताण गेला, त्याला अडून बसायला कारणच उरत नाही. हे डोळ्यांनी बघण्यात जो आनंद होता तो मला शब्दांत मांडता येत नाही.

पुढे डिस्क हबला चिकटली होती. तिच्यावर हातोडी चालवणं सोपं होतं, पण तुम्ही डिस्कवरची आटे पाडलेली दोन भोकं दाखवलीत. त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि डिस्क सरळ बाहेर आली. इतकी वर्षं ती भोकं मी पाहत होते.

बाकीचं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही त्यावर फार आग्रही होतात. कॅलिपर होजवर लोंबू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करायचा, नाहीतर गंजाच्या एका खवल्यामुळे नवी डिस्कही डुगडुगते. आटे साफ करणारा टॅप त्यांतून फिरवायचा, नवे स्क्रू घालायचे, आट्यांना अँटिसीझ (स्क्रू अडकू न देणारं वंगण) नखभर, घर्षणाच्या पृष्ठभागावर एक थेंबही नाही. स्क्रू हलक्या हाताने, साधारण दहा न्यूटन-मीटर. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं. आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचं.

काका, तुम्ही मनात आणलं असतं तर हे काम तुमच्या हातून माझ्या कितीतरी आधी उरकलं असतं. तरी तुम्ही अवजार माझ्या हातातून घेतलं नाहीत. "बाईमाणूस, तुला नाही जमायचं" हे मी प्रत्येक दुकानात ऐकलंय. तुमच्या तोंडून ते आलं नाही, त्याच्या जवळपासचंही काही आलं नाही. चुकण्याआधी थांबवत होतात आणि थांबवण्याचं कारण सांगत होतात. आज घाटात आई शेजारी बसलेली असते आणि मी ब्रेक दाबते, तेव्हा आत काय बसवलंय आणि ते कसं बसवलंय हे मला ठाऊक असतं. हे तुमच्यामुळे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर तेल लावून तुमच्या पिशवीत परत ठेवला आहे. काकूंना सांगा, शनिवारी आंबोळ्या घेऊन येते. आणि मागचे ड्रम दिवाळीआधी उघडायचे म्हणते आहे. तुम्हाला सोयीचा दिवस कळवा, ठोकळे आणि स्टँड लावून ठेवते.

तुमची,
समोरच्या इमारतीतली