‘रॅम गेली’ म्हणण्याआधी: काकांना आभाराचं उघडं पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत जुने लॅपटॉप उघडून बसणारी आम्ही काही मंडळी हे पत्र मिळून लिहीत आहोत. चालू न होणाऱ्या लॅपटॉपची मेमरी, म्हणजे रॅम, कशी तपासावी, याची तुम्ही हाताने लिहून दिलेली पानं आज आमच्या सगळ्यांच्या टेबलावर आहेत. त्यातही काही अडलं, तर तुम्ही फोनवर शांतपणे समजावून सांगता आणि त्याचा एक रुपयाही घेत नाही. निदान आभार तरी चारचौघांत मानावेत, म्हणून पत्र उघडं ठेवलं आहे. ते एखाद्या नवख्याच्याही हाती पडेल, त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टीसुद्धा सविस्तर लिहीत आहोत.

तुमचा सगळ्यात मोठा उपकार म्हणजे एक गैरसमज तुम्ही मुळापासून काढलात. गणपतीला आलेला चाकरमानी आपला जुना लॅपटॉप गावच्या पोरांसाठी ठेवून जातो. तो कपाटात पडून राहतो. मग एक दिवस बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळा. दुकानात नेला की ‘रॅम गेली’ म्हणून रॅमची नवी पट्टी घालतात, लॅपटॉप चालू होतो आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही दाखवून दिलंत, की पुष्कळ वेळा तो नव्या पट्टीमुळे चालू झालेलाच नसतो. पट्टी काढून घालताना स्लॉटच्या, म्हणजे ती बसते त्या खाचेच्या, स्प्रिंगा पट्टीच्या कडेवरच्या सोनेरी संपर्कांवर घासल्या जातात, वर साचलेला थर सुटतो आणि संपर्क पुन्हा जुळतो. जुनीच पट्टी परत बसवली असती तरी लॅपटॉप चालू झाला असता. तेव्हापासून जुनी पट्टी साफ करून, परत लावून पाहिल्याशिवाय आम्ही कुणाकडूनही नव्या पट्टीचे पैसे घेत नाही.

आपल्याकडे हे जास्त का होतं, तेही तुम्ही सांगितलंत. पट्टीच्या कडेवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. त्याच्या खाली निकेल, त्याच्या खाली तांबं. मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंतची दमट हवा आणि वाऱ्यातलं मीठ त्या छिद्रांतून आत शिरतं, तांबं खातं आणि त्याचे क्षार वर येऊन पसरतात. डीडीआर३च्या (डीडीआर२, ३, ४ या मेमरीच्या पिढ्या) पट्टीला २०४ संपर्क असतात. त्यांतला डेटाचा किंवा पत्त्याचा (मेमरीतली जागा सांगणारा) एक जरी नीट लागला नाही, तरी मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकू शकतं. घाटावर कोरड्या हवेत पाच-सहा वर्षं बिनतक्रार चाललेला लॅपटॉप मालवणात एका पावसाळ्यात का रुसतो, याचं हे उत्तर.

मुळात दोष मेमरीचा आहे का, हे ठरवण्याची तुमची रीत आता आमच्या हातात बसली आहे. अंधारात पडद्यावर टॉर्चचा झोत तिरका टाकायचा. पुसट चित्र दिसलं, तर बिघाड पडद्यामागच्या उजेडाचा. मग बाहेरचा मॉनिटर जोडून बघायचा. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन बहुधा सुरुवातीची तपासणी ओलांडून पुढे गेलेलं आहे आणि रॅमला हात लावायची घाई नको. कॅप्स लॉक मेलेला, पंखा चालू आणि पडदा काळा, अशा वेळी खालचं झाकण उघडायचं.

उघडण्याआधी चार्जर काढायचा, बॅटरी काढायची. बॅटरी आतली असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवायचा आणि पॉवरचं बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरायचं, म्हणजे कपॅसिटरांत उरलेला चार्ज निघून जातो. चार्जर लागलेला असताना पट्टी काढली किंवा घातली, तर पट्टी आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने अंगावरच्या स्थिर विजेची भीती कमी असते, पण एसीच्या खोलीत ती असतेच. म्हणून आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावायचा आणि पट्टी नेहमी कडांनी धरायची.

यापुढची युक्ती तुमच्या पानांमधली आमची सगळ्यात आवडती. सगळ्या पट्ट्या काढायच्या आणि लॅपटॉप रिकामाच चालू करून ऐकायचं. मशीनने बीप दिली किंवा दिवे लुकलुकवले, तर प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) जिवंत आहेत; मेमरी नाही हे त्यांना कळतंय आणि ते ओरडून सांगतायत. जुन्या डेलमध्ये दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार बीप म्हणजे रॅम आहे पण लिहिता-वाचता येत नाही. थिंकपॅडमध्ये एक, तीन, तीन, एक अशा बीप मेमरीकडे बोट दाखवतात. जुन्या एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा तीनदा लुकलुकून थांबतो, तोही मेमरीचाच इशारा. बीपची सोयच नसलेले लॅपटॉपही असतात, तिथे दिव्यांकडेच बघावं लागतं.

रिकामं मशीनही गप्प राहिलं आणि दिवेही काही बोलले नाहीत, तर नवी पट्टी आणायला धावायचं नाही. चालू केल्यावर स्लॉटजवळच्या कॉइलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज बघायचं: डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर३एलला १.३५, डीडीआर४ला १.२ व्होल्ट. ते नसेल, तर दोष बोर्डाच्या वीजपुरवठ्यात आहे आणि दहा पट्ट्या बदलूनही काही होणार नाही. मल्टिमीटरची टोकं स्लॉटच्या पिनांत खुपसू नयेत ही तुमची ताकीद खरोखर मोलाची. एक पिन वाकली की स्लॉटच बदलावा लागू शकतो.

मशीन ओरडलं, की सफाई. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनधाग्याचं कापड किंवा कॉफी फिल्टरचा तुकडा, आणि स्लॉटसाठी मऊ ब्रश. पट्टीच्या दोन्ही बाजू पुसायच्या, फडका एकाच दिशेने, चिपकडून कडेकडे न्यायचा. खोडरबराबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. पांढरा मऊ पेन्सिलचा रबर, तोही डाग निघत नसेल तरच, हलक्या हाताने एकदोनदा. नंतर त्याचा चुरा अल्कोहोलने पूर्ण काढायचा. शाईचा करकरीत रबर आणि पॉलिश पेपर सोन्याचा मुलामाच खरवडून काढतात. मग पट्टी आठवडाभर चालते आणि पुढच्या पावसात कायमची जाते. नेलपॉलिश काढायचं द्रावण प्लास्टिक खराब करू शकतं आणि गंज सोडवायचा तेलकट स्प्रे धूळ धरून ठेवतो, म्हणून दोन्ही नकोत. स्लॉटमध्ये हिरवट-निळा थर दिसला, तर तांबं खाल्लं गेलेलं आहे. तिथे ब्रश आणि अल्कोहोल दोनतीनदा फिरवून, भिंगातून प्रत्येक पिन बघावी. स्लॉटमध्ये मुंग्यांनी अंडी घातलेलीही निघतात, तेव्हा फुंकर मारून समाधान मानू नये. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो.

पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात पूर्ण आत सरकवायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टा सगळीकडे सारखाच, अगदी बारीक दिसला पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर पट्टी तिरकी आहे. आणि मग थांबायचं. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना कितीतरी मशीनं मेमरीचं टायमिंग नव्याने जुळवतात, आणि त्या वेळी पडदा मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त, काळाच राहतो. त्या मिनिटात घाबरून बटण दाबून बंद केलेले लॅपटॉप ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून आमच्याकडे येतात. एवढं करूनही अडलं, तर सीमॉसचा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज जपणारा, नाण्यासारखा सेल काढून, थोडा वेळ थांबून परत घालायचा. तो सेल ३ व्होल्टचा, मीटरवर २.७च्या खाली दाखवत असेल तर सरळ बदलावा.

दोन स्लॉट, दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच पट्टी लावून चार जोड्या होतात, आणि चारही करून कागदावर लिहून ठेवाव्यात. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, एकाच स्लॉटवर टिकून राहिला तर स्लॉट किंवा बोर्ड. लिहिल्याशिवाय हे डोक्यात ठेवायला गेलं की तिसऱ्या जोडीपर्यंत गोंधळ होतो.

पट्टी बसते पण चालत नाही, असेही प्रसंग असतात. डीडीआर३ आणि डीडीआर३एलची खाच एकाच जागी असते. पण इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या डीडीआर३एलवाल्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते, साधी १.५ची घातली की बहुधा पडदा काळा. उलट्या बाजूला इंटेलचे जुने प्रोसेसर, कोअर टू आणि पहिल्या पिढीचे आय३, आय५ आहेत. त्यांना ४ जीबीची पट्टी १६ चिपांचीच चालते; ८ चिपांची, म्हणजे लेबलवर १आरएक्स८ लिहिलेली, ते ओळखत नाहीत. ग्राहकाने ऑनलाइन मागवलेली कोरी करकरीत पट्टी ‘खराब’ म्हणून परत पाठवण्याआधी हे दोन मुद्दे बघायचे, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

लॅपटॉप चालू झाला म्हणून पट्टी निर्दोष ठरत नाही, हा तुमचा दुसरा आग्रह. मेमटेस्ट८६ प्लस हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून चालवायचा. तो फुकट आहे, आणि २०२२च्या सहाव्या आवृत्तीपासून जुन्या बायोसवरही चालतो आणि त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयवरही. सिक्युअर बूट (सुरुवातीलाच अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असेल तर आधी बंद करावं. निदान दोन पूर्ण पास, म्हणजे फेऱ्या, होऊ द्याव्यात, शक्य तर रात्रभर, कारण काही चिपा तापल्यावरच चुकतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर लावायचं. लाल ओळी, म्हणजे चुका, आल्या तर नुसता आकडा बघून सोडायचं नाही. प्रत्येक वेळी तोच पत्ता आणि तोच एक बिट चुकत असेल, तर चिपमधली एखादी पेशी मेली आहे. पत्ते सगळीकडे विखुरलेले पण बिट मात्र एकच असेल, तर ती डेटाची एक ओळ आहे, म्हणजे बऱ्याचदा पुन्हा संपर्कच: पट्टी काढा, पुसा, परत चालवा. एकही चूक चालवून घ्यायची नाही. मेमरीत ‘थोडीशी खराब’ असं काही नसतं, हे आमचंही ठाम मत झालं आहे.

आणि चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय, तिच्याबद्दलची तुमची सूचना लोकांना ओरडून सांगावीशी वाटते. मेमरीवर संशय असताना विंडोजची दुरुस्ती, चेकडिस्क, अपडेट यांतलं काहीही चालवू नये. खराब मेमरीतून गेलेली माहिती चुकीची होऊन डिस्कवर लिहिली जाते. चेकडिस्क बिचारं चांगलंच करायला जातं, पण चुकीचं वाचून चांगल्या नोंदी ‘दुरुस्त’ करतं, आणि घरच्या लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले त्यात जातात. वेगवेगळ्या कोडचे निळे पडदे, झिप फाइल उघडताना चूक, विंडोज टाकताना दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकणं, अशी लक्षणं एकत्र दिसली की आधी डिस्क काढून दुसऱ्या धड मशीनवर कॉपी घ्यावी, मग मेमरीकडे वळावं. क्रम उलटा झाला की नुकसान भरून निघत नाही.

काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते. सोबत एखादा स्लॉट असेल तर तो रिकामा ठेवून डकवलेली मेमरी वेगळी तपासता येते. चूक ठरावीक पत्त्यांवरच येत असेल आणि मशीन चालू होत असेल, तर लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्राममध्ये किंवा विंडोजच्या बॅडमेमरीलिस्ट या सेटिंगमध्ये नोंदवून ते पत्ते वगळून शाळेच्या कामापुरता लॅपटॉप चालवता येतो. हीट गनने बोर्ड भाजण्याचा जुगार तुम्ही कधीच कुणाला सुचवला नाहीत, याबद्दलही आभार.

पुराचं पाणी शिरलेल्या लॅपटॉपसाठी तुम्ही वेगळं पान दिलंत. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं, त्यामुळे त्या बाजूच्या आमच्या मित्रांना त्या पानाचं मोल जास्त. चालू करून बघायचं नाही, बॅटरी लगेच सोडवायची, बोर्डावरचा गाळ डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, मग अल्कोहोलने, मग पूर्ण वाळवायचा. तांदळाच्या डब्यात ठेवून गाळ आणि क्षार निघत नाहीत.

काका, डीडीआर२च्या तपासलेल्या पट्ट्या आता सहज मिळत नाहीत, आणि तुमच्याकडे येणारी मशीनं बरीचशी त्याच काळातली. आम्ही मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधल्या १ आणि २ जीबीच्या पट्ट्या काढून, मेमटेस्ट करून, प्रत्येकीवर तारीख टाकून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्या आहेत. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलतो. तुम्हाला लागतील तेव्हा स्पीड आणि जीबी कळवा, कुडाळहून एसटीच्या पार्सलने पाठवतो.

आपले,
किनाऱ्यावरचे दुरुस्तीवाले