अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतिक्रम भरण्याची घाई सुरू होते आणि मुलांच्या कानावर दोन परस्परविरुद्ध उपदेश पडू लागतात. ‘भावनेच्या भरात काही ठरवू नकोस,’ असे घरचे बजावतात, तर ‘जे आवडते तेच कर,’ असे व्यासपीठावरचे मार्गदर्शक सांगतात. घरची परिस्थिती पाहून शाखा निवडणाऱ्या मुलाला ही मंडळी भित्रा ठरवतात. स्वतःचे मानधन मात्र ती आधी ठरवून घेतात. हृदय आणि बुद्धी एकमेकांच्या वैरी आहेत, हे दोन्ही उपदेशांतले गृहीतक मला चुकीचे वाटते.

मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत होती, परंतु भावना बोथट झाल्या होत्या. अशा एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तेव्हा इतर कामे, हवामान अशी कारणे दोन्ही बाजूंनी मांडण्यात त्याने जवळजवळ अर्धा तास घालवला आणि तरीही त्याचा निर्णय होईना. अखेर दमासिओंनीच दुसरी तारीख सांगितल्यावर ती त्याने लगेच मान्य केली. नुसत्या तर्काने साधी तारीखही ठरत नसेल, तर आयुष्याची दिशा कशी ठरणार?

म्हणून आवड डोळे मिटून प्रमाण मानावी, असेही नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आवड पुष्कळदा उसनी असते. मित्र जातो म्हणून किंवा गणवेशाचा रुबाब भावतो म्हणून ओढ वाटते आणि त्या कामातला रोजचा रगाडा ठाऊकच नसतो.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, हे स्वागतार्हच होते. मात्र कल चाचणीतून मुलाची ओढ कळते. ते काम त्याला झेपेल का, हे अभिक्षमता चाचणीने वेगळे पाहावे लागते. शिवाय ज्या मुलीने यंत्रशाळा कधी पाहिलेलीच नाही, तिने तिथले काम आवडेल की नाही याचे उत्तर कशाच्या आधारावर द्यावे? पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांत चाचणीच्या जोडीला समुपदेशनही मिळते. आडगावच्या मुलांना ती सोय सहजासहजी मिळत नाही.

यासाठी शिक्षण विभागाने नववीतच प्रत्येक विद्यार्थ्याला आयटीआय, प्राथमिक आरोग्य केंद्र, पतसंस्था, रोपवाटिका अशा ठिकाणी काही दिवस प्रत्यक्ष काम पाहण्याची आणि जमेल तेवढे करण्याची संधी द्यावी. कशात मन रमले, कशाचा कंटाळा आला, काय जमले आणि ते शिकायला खर्च किती येईल, हे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे आणि अर्ज भरण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी पालकांसमवेत बसून ते वाचावे. येत्या शैक्षणिक वर्षात निदान जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांपासून ही सुरुवात व्हावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक