काळा रंग शेवटी लावायचा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्राच्या आदल्या रविवारी आपल्या पुरवणीत ‘घरच्या घरी स्मोकी आईज’, म्हणजे काळा रंग धुरासारखा कडेला विरत नेलेला डोळ्यांचा मेकप, असा सचित्र मजकूर आला होता. तो वाचून आमच्या आळीतल्या कॉलेजच्या काही मुलींनी घरी प्रयोग केला आणि दांडियाला निघायच्या ऐन वेळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांवर कुणीतरी बुक्की मारल्यासारखं काळंनिळं झालेलं. मी रत्नागिरीत घराच्या पडवीतच पार्लर चालवते, त्यामुळे मुलींना हे नवीन नाही आणि मलाही नाही. पण या वेळी चूक त्यांच्या हातांची नव्हती, छापून आलेल्या क्रमाची होती, म्हणून हे पत्र.

पुरवणीत पहिली पायरी दिली आहे ती अशी: पापणीभर काळी आयशॅडो लावून घ्या, नंतर कडा ब्लेंड करा, म्हणजे पसरवून विरवा. हे साफ उलटं आहे. काळा आधी लावला की तो पसरवता पसरवता भुवईला जाऊन टेकतो. त्याच ब्रशने पुढचा रंग उचलला की तोही मळतो. पुसायला जावं तर कापसाने खालचा बेसही निघून येतो आणि मग तिथं पुन्हा काहीच नीट बसत नाही. शिकलेल्या हातालाही काळ्यापासून सुरुवात करून मागे येणं अवघड जातं, घरी आरशासमोर बसलेल्या मुलीचं काय घेऊन बसलात.

खरा क्रम सांगते. आधी पापणी टिश्यूने टिपून कोरडी करायची. त्यावर कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं कातडीच्या रंगाचं क्रीम, अगदी पातळ, बोटाने थोपटून. आणि त्यावर पावडर. कॉम्पॅक्ट असो नाहीतर साधी लूज पावडर. ही पावडरीची पायरी पुरवणीत गाळलीच आहे आणि निम्मा घोटाळा तिथं होतो. ओलसर कन्सीलरवर कोरडी आयशॅडो टेकवली की जिथं टेकली तिथंच घट्ट धरते, पुढं सरकत नाही. मग ‘ब्लेंड करा, ब्लेंड करा’ असं कितीही सांगितलं तरी मुलगी ब्लेंड करणार काय?

पावडर बसली की तपकिरी. चकाकी नसलेला, मॅट, आपल्या कातडीपेक्षा दोनेक छटा गडद. तो लावायचा डोळ्याच्या खाचेत, म्हणजे बोटाने चाचपलं की भुवईखालचं हाड जिथं संपतं तिथं. ब्रश शेपटाकडून धरायचा आणि गाडीच्या वायपरसारखा इकडून तिकडे फिरवायचा. केसांजवळ धरला की हात जड पडतो. ज्यांच्या पापणीवर वरची कातडी उतरते, डोळे उघडले की पापणी दिसतच नाही, त्यांनी हा तपकिरी डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ बघत, घडीच्या किंचित वर लावावा. डोळे मिटून लावला तर सगळी मेहनत घडीत जाते. आमच्याकडे चाळिशीनंतरच्या बऱ्याच बायकांचे डोळे असेच होतात आणि त्या बिचाऱ्या म्हणतात, ‘मला स्मोकी शोभत नाही.’

त्यानंतर काजळ पेन्सिल. वरच्या पापणीच्या केसांना लागून जाडसर रेघ ओढायची. वाकडी आली तरी बिघडत नाही, कारण ती लगेच इअरबडने पुसट करायची असते. लगेच म्हणजे लगेच. हल्लीच्या वॉटरप्रूफ पेन्सिली बघता बघता सुकतात आणि सुकल्या की जागच्या हलत नाहीत. म्हणून एका डोळ्याची रेघ ओढा, तिची कड मोडा आणि मगच दुसऱ्या डोळ्याकडे वळा. दोन्ही डोळ्यांवर आधी रेघा ओढून बसलात तर पहिला हातचा गेला.

आणि आता काळा. चपट्या ब्रशने, त्या पुसट रेघेवर दाबून दाबून. घासायचा नाही. पापणीच्या निम्म्यापर्यंत आणला तरी पुष्कळ. मग स्वच्छ ब्रशने त्याची वरची कड मघाच्या तपकिरीत विरवायची. काळा कुठं संपला आणि तपकिरी कुठं सुरू झाला ते सांगता येऊ नये, एवढंच या मेकपचं कसब. काळा कमी वाटला तर आणखी टेकवता येतो. बाहेरच्या कोपऱ्यात रंग कानाकडे वाहत जातो, त्याला उपाय म्हणजे खालच्या पापणीपासून भुवईच्या टोकाकडे तिरकं व्हिजिटिंग कार्ड धरायचं आणि त्याच्या आतच काम करायचं. लग्नपत्रिकेचा तुकडाही चालतो. आमच्या घरांत त्याला तोटा नाही.

साहित्याच्या यादीत बारा ब्रशचा संच दिला आहे. कशाला? एक चपटा, एक झुबकेदार आणि इअरबडची डबी, झालं. बाराच्या पैशांत हे दोन चांगल्यातले घ्या, शाम्पूने धुवा आणि आडवे ठेवून वाळवा. आणि फाउंडेशन डोळ्यांच्या आधी लावायला सांगितलंय तेही उलटंच. काळी पूड गालावर झडतेच, कुणाच्याही हातून झडते. आधी डोळे करा, गाल पुसा, मग चेहऱ्याकडे वळा.

आता छायाचित्राबद्दल. मुलगी गुलाबी-गोरी, हातात करड्या-चंदेरी छटांची पॅलेट. आपली पुरवणी ज्या घरांत जाते तिथल्या गहूवर्णी आणि सावळ्या चेहऱ्यांवर तो करडा मळकट दिसतो, हे छापण्याआधी कुणाच्याच ध्यानात आलं नाही का? आपल्या रंगाला खालून तपकिरी, वांगी, तांब्याचा नाहीतर बाटलीचा हिरवा द्यावा आणि काळा त्यावर. नवरीच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. हळदीच्या दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर पिवळी झाक उरते आणि तिच्यावर करडा चक्क हिरवट दिसायला लागतो. दुकानात मनगटावर लावून पाहिलेली छटा त्या दिवशी ओळखू येत नाही. माझी एक गिऱ्हाईक दर वेळी खुर्चीत बसताना बजावते, ‘ताई, डोळे काळे करा, पण मला काळी दिसू देऊ नका.’ तिला मी काही बोलत नाही. राग येतो तो असले फोटो निवडणाऱ्यांचा. सावळ्या चेहऱ्यावर गडद डोळ्यांना जी धार येते ती गोऱ्या चेहऱ्यावर मला तरी कधी दिसलेली नाही.

शिवाय पुरवणी पुण्या-मुंबईच्या एसी खोल्यांत लिहिली जाते की काय कोण जाणे. आमच्याकडे ऑक्टोबरात पंखा फुल असला तरी मानेवरून घाम ओघळतो. मात्र काजळ पसरायला घामापेक्षा तेल जास्त कारणीभूत असतं. पेन्सिल मेण आणि तेलाची. चेहऱ्याचं तेल किंवा डोळ्यांखाली थापलेलं क्रीम तिला मऊ करतं आणि ती खाली उतरते. म्हणून त्या संध्याकाळी डोळ्यांखाली क्रीम नको, पावडर हवी. खालच्या पापणीला काळी रेघ पूर्ण ओढू नये. बाहेरच्या टोकाकडे थोडी, तीही तपकिरी. ज्यांना काळी वर्तुळं आहेत त्यांनी खाली काळ्याच्या वाटेलाच जाऊ नये. डोळे बारीक असतील तर चहूबाजूंनी काळं केल्यावर ते आणखी बारीक दिसतात. नाकाकडचा कोपरा उघडा ठेवला की मोठे वाटतात.

चष्म्याचा तर मजकुरात उल्लेखच नाही! उणे नंबराच्या काचेतून डोळा लहान दिसतो, तिथं काळा आवरता घ्यावा आणि पापण्यांच्या केसांना मस्कारा जास्त द्यावा. अधिक नंबराची काच डोळा मोठा करून दाखवते, त्याबरोबर आपली हलगर्जीसुद्धा.

ही फॅशन अलीकडे परदेशी मॉडेलांनी आणली असंही लिहिलं आहे. तसं नाही. 1920 च्या दशकात, मूकपटांच्या जमान्यात, ती जोरात होती. तेव्हाच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळे डोळे पांढुरके पडत, म्हणून नट्या डोळ्यांभोवती गडद रंग भरत. त्यात 1922 मध्ये इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याची कबर सापडली आणि इजिप्तच्या काजळभरल्या डोळ्यांचं वेड युरोप-अमेरिकेत पसरलं. प्राचीन इजिप्तमधलं ते काजळ बरंचसं गॅलेना नावाच्या खनिजाचं, म्हणजे शिशाच्या धातुकाचं असे.

शिशाचा विषय निघालाच आहे तर शेवटच्या चौकटीकडे येते. तिथं ‘बाजारातल्या पेन्सिलीपेक्षा सुरमा किंवा आजीचं काजळ वापरा, ते नैसर्गिक’ असा सल्ला आहे. शिसंही नैसर्गिकच असतं. जत्रेत सुट्ट्या डबीत मिळणाऱ्या सुरम्यात ते निघालेलं आहे. रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं घालून सौंदर्यप्रसाधनं बनवायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, 2020 च्या नियमांतही ती आहे. पण बिनलेबलाच्या डबीला कोण विचारतो? तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन धरून पाडलेलं काजळ वेगळं. ते आमच्या घरीही होतं, दिवाळीला मीही रेघ ओढते. पण स्मोकीला ते निरुपयोगी आहे. तुपातलं असल्याने ते सुकतच नाही, पहिल्या फेरीतच गालावर येतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर कुठलंच काजळ घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगून थकले.

चौकटीतच ‘पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरपूर भरा’ असं म्हटलंय. त्या कडेवर बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात. ती रोज बुजवली की डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात. एखाद्या समारंभाला ठीक, रोज नको. ज्यांना रांजणवाडी वारंवार होते त्यांनी त्या कडेच्या वाटेला जाऊच नये. लेन्स वापरणाऱ्यांनी मेकपच्या आधी लेन्स घालावी आणि मेकप पुसण्याआधी काढावी. मैत्रिणींत एक काजळ, एक मस्कारा फिरवणं नको; मस्काराची ट्यूब तीनेक महिन्यांत टाकून द्यावी, सुकली म्हणून पाण्याचा थेंब घालून चालवू नये.

मेकप उतरवायचा कसा, याबद्दल मात्र एक ओळही नाही. मुली रात्री बाराला घरी येतात, साबणाने डोळे चोळतात आणि सकाळी लाल डोळ्यांनी कॉलेजात जातात. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता ठेवायचा. रंग सुटला की वरून खाली अलगद ओढायचा, घासायचा नाही. मग फेसवॉश, कारण तेलाचा थर पापणीवर राहिला तर दुसऱ्या दिवशीचं काजळही टिकत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील आणि हा मजकूर कापून ठेवलेल्या मुली तो पुन्हा बाहेर काढतील. त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुरुस्त केलेला क्रम त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा आणि सुरम्याचा सल्ला मागे घेतल्याचं स्पष्ट लिहावं. फोटोसाठी सावळी मुलगी हवी असेल तर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघी आनंदाने बसतील. फोटोग्राफर तेवढा तुम्ही पाठवा, आणि शक्यतो सकाळी, कारण पडवीत उजेड तेव्हाच चांगला असतो.

आपली वाचक,
एक पार्लरचालक, रत्नागिरी