मेयोचे डॉक्टर मिक लॉफ्टस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

खेळणे थांबवून कबड्डीचा पंच व्हावे की नाही, असे तू विचारले होतेस. त्यावर मला आयर्लंडचे डॉ. मिक लॉफ्टस आठवतात. हे मेयो परगण्यातल्या क्रॉसमोलिना गावचे. गेलिक फुटबॉल खेळत ते अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकणाऱ्या मेयोच्या 1951 च्या चमूपर्यंत पोहोचले. त्या वर्षानंतर मेयोला ते विजेतेपद पुन्हा मिळालेले नाही. या खेळात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात, चेंडू हातानेही खेळता येतो, त्या काळी आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण मिळे आणि जाळ्यात गेला तर तीन. मानधन कोणालाच नाही. जो तो आपल्या परगण्यासाठी खेळतो, त्यामुळे शेजाऱ्यांची चुरस फार तिखट असते.

आता त्याच स्पर्धेचा 1965 चा अंतिम सामना पाहा. डब्लिनच्या क्रोक पार्कवर एका बाजूला मेयोला खेटून असलेला गॉलवे, दुसऱ्या बाजूला केरी, आणि शिट्टी लॉफ्टस यांच्या हाती. त्यांनी त्या दिवशी केरीचे दोन आणि गॉलवेचा एक असे तीन खेळाडू मैदानाबाहेर काढले. केरी 12-9 असा हरला. शेजाऱ्याला झुकते माप दिले असे म्हणायला जागा होती, तरी 1968 च्या केरी-डाऊन अंतिम सामन्यालाही पंच म्हणून तेच उभे राहिले. पंचाला याहून मोठी पावती कोणती असेल, मला तरी सुचत नाही.

1985 ते 1988 या काळात ते गेलिक खेळांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. डॉक्टर आणि कॉरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, या नात्याने दारूने ओढवलेले मृत्यू त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे गिनेस ही बिअर कंपनी हर्लिंग या काठी-चेंडूच्या गेलिक खेळाच्या स्पर्धेची प्रायोजक झाली तेव्हा त्यांनी उघड विरोध केला, आणि माजी अध्यक्षाचा मान बाजूला ठेवून हर्लिंगच्या अंतिम सामन्याला जाणेच बंद केले. त्या दिवशी ते क्रोग पॅट्रिकचा डोंगर चढत. 1965 च्या त्या तीन निर्णयांपेक्षा मला हा निर्णय अधिक कठीण वाटतो, कारण मैदानात नियमपुस्तक पंचाच्या पाठीशी असते, इथे मात्र त्यांना आपल्याच माणसांच्या विरोधात उभे राहावे लागले.

2023 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी ते गेले. तुला काय वाटते ते सविस्तर लिही.

तुझा,
स्नेहांकित मित्र