पाळीवरच्या मंडळींचे आभार

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसांची नकली माशी बांधून मासे धरणं, शिकणाऱ्या नवख्यांना नाव न सांगता हात देणाऱ्या सगळ्यांचे आभार.

पहिले आभार तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीच्या फांद्या छाटून देणाऱ्यांचे. पिसांच्या माशीला वजन नसतंच. फेकली जाते ती जाड लाइन (दोरी), आणि पुढं जायच्या आधी ती तितकीच मागं जाते. 9 फुटी रॉड, 5 नंबर वजनाची लाइन नवख्याला पुरे. मागं लाइन सरळ होईस्तोवर थांबायचं. घाई केली की चाबकासारखा कडाका होतो आन् माशी तुटून जाते. "मनगट आवरा भाऊ!" असं धानाच्या बांधावरून ओरडणाऱ्या काकांनी अर्धं काम केलं. सरावाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधायला त्यांनीच लावलं. कित्येकांचे कान वाचले.

गाठ थुंकीनं ओली करून आवळायची, कोरडी ओढली तर नायलॉन घासून तापतं आणि कमजोर होतं, हे दाखवणाऱ्या ढिवर (मासेमार समाजातल्या) मावशींचे आभार. मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर झुंडीनं दिसली तर तिथं गळ टाकायचा नाही, खाली मायबाप राखणीला असतात, हेही त्यांनीच बजावलं.

मच्छीमार सोसायटीची परवानगी मिळवून देणाऱ्यांना रामराम.