होडीत पेट्रोल भरताना उडणारी ठिणगी: मत्स्योद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्योद्योग मंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय, सप्रेम नमस्कार.

३१ जुलैला मासेमारीबंदी संपली की काणकोणच्या किनाऱ्यावर इंधन भरण्याची एकच घाई उडते. त्याआधी एका धोक्याकडे आपण लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र. आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने दुरुस्त करणे हा माझा धंदा.

तळपणला किंवा पाळोळेला सकाळी उभे राहून पाहा. टाकीच्या तोंडात प्लास्टिकचे नरसाळे, त्यावर गाळायला फडके, आणि एखादा पोरगा खांद्यापर्यंत कॅन उचलून पेट्रोल ओततोय. इंजिन बंद आहे, कुणी विडी ओढत नाही. तरीही धोका आहे, कारण वाहत्या पेट्रोलमध्येच स्थिर विद्युतभार तयार होतो. धार उंचावरून सोडली की तो वाढतो, फडक्यातून गाळले की आणखी वाढतो. प्लास्टिकमधून किंवा फायबरच्या होडीतून त्याला जमिनीपर्यंत वाट मिळत नाही. साठतो, आणि जवळ धातू आला की ठिणगी उडते. पेट्रोलची वाफ पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल इतकी नगण्य ऊर्जा पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती उडून न जाता होडीच्या तळाला, फळ्यांखाली साचून राहते.

‘आपल्या दमट हवेत कसली आलीय स्थिर वीज?’ असे जुनेजाणते तांडेलही (होडीचे प्रमुख) म्हणतात. दमट हवेने कपड्यांवरचा भार कमी होतो हे खरे, पण नळीच्या आत वाहणाऱ्या पेट्रोलपर्यंत ती हवा पोचत नाही.

मालीम, कुटबणच्या धक्क्यांवरचे ट्रॉलर डिझेलवर चालतात, त्यांना धोका कमी. मात्र ज्या ड्रममध्ये काल पेट्रोल होते त्यातच आज डिझेल ओतणे फार घातक. आतली जागा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि ओतल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये भार तयार होत असतो. ही सवय तातडीने मोडायला हवी.

उपाय महागडे नाहीत. सुटी टाकी होडीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरायची. पंपाची तोटी टाकीच्या तोंडाला टेकवून सुरुवातीला सावकाश सोडायची, आणि भरून होईपर्यंत ती टेकलेलीच ठेवायची. धातूच्या टाकीला नरसाळेही धातूचे, तोंडाला चिकटून बसणारे. होडीत पक्की बसवलेली टाकी असेल तर भरायचे धातूचे तोंड, टाकी आणि अर्थिंग एका तारेने जोडलेले हवे. ही तार खाऱ्या हवेत गंजून तुटते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्याकडे इंजिन घेऊन येणाऱ्यांना मी ती तपासायला सांगतो, पण माझ्या सांगण्याला परवान्याचे वजन नाही.

म्हणून मागणी अशी: जिथे होड्या पेट्रोल भरतात अशा प्रत्येक धक्क्यावर अर्थिंग केलेली एक जागा करून द्या. पंपावर टँकर रिकामा करण्याआधी अर्थिंगची क्लिप लावतात. तशीच क्लिप इथे कायम लटकलेली असावी. शेजारी मराठी आणि कोकणीत चार ओळींचा फलक लावा. होडीच्या नोंदणीच्या व नूतनीकरणाच्या तपासणीत टाकीच्या अर्थिंगच्या तारेची तपासणी सक्तीची करा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांनाही हे लागू व्हावे, यासाठी बंदर कप्तान खात्याशी आपणच बोलावे. बंदीच्या दोन महिन्यांत बहुतेक होड्या किनाऱ्यावरच असतात. तपासणी तेव्हाच उरकता येईल.

आपला,
एक आऊटबोर्ड मेकॅनिक, काणकोण